आरपीनंतर मी काय काय नव्यानं शिकले

मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. लहानपणी दिवेलागणीनंतर मला नीट दिसायचं नाही, घरात सगळे त्याला रातांधळेपणा म्हणायचे आणि गाजर, पपई, शेवग्याचा पाला असं सगळं खायला घालायचे. हा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रातांधळेपणा नाही हे कॉलेजात असताना एका डॉक्टरांनी थेंब टाकून डोळ्याचा पडदा तपासला तेव्हा कळलं. आरपीत पडद्यावरच्या ज्या पेशी अंधारात आणि कडेचं बघायला लागतात त्या आधी मरतात, त्यामुळे पहिल्यांदा रात्रीचं जातं, मग कडेकडेनं आवळत येतं आणि मधलं बराच काळ टिकतं. त्यामुळे बरीच वर्षं मी पेपरातली बारीक अक्षरं वाचू शकायचे पण पायाशी ठेवलेली बादली दिसायची नाही, पाइपातून बघितल्यासारखं असतं ते. लोकांना हे पटतच नाही, "मोबाइल तर वाचतेस की, मग धडकतेस कशी" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की काही विचारू नका.

माझी आई म्हणजे बाबांच्या मामाचीच मुलगी. आपल्याकडे असं लग्न सर्रास होतं आणि आरपीचे काही प्रकार आई आणि वडील दोघांकडून तेच सदोष जनुक आलं की होतात. मला कोणाला दोष द्यायचा नाहीये, पण ज्यांच्या घरात आधी कोणाला आहे त्यांनी नात्यात लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्ला जरूर घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता मी चाळिशी पार केलीय, डोंबिवलीत राहते, मुंबईत सरकारी नोकरी करते (खातं कुठलं ते राहू दे), आणि मला आता फक्त उजेड-अंधार आणि कधी कधी माणसाचा आकार एवढंच कळतं. तरी मी रोज लोकलनं एकटी जाते-येते, स्वयंपाक करते, ऑफिसात फाइली बघते. लोक म्हणतात काय धाडस आहे हो तुमचं. त्यांचा हेतू चांगला असतो पण मला ते ऐकून बरं वाटत नाही, कारण त्यात धाडसाचा भाग फार थोडा आहे. बाकी सगळं मला कुणीतरी शिकवलं, मी सराव केला, म्हणून येतं. धाडस म्हटलं की ज्या मुलीला हे शिकायला मिळालं नाही आणि ती घरात बसून आहे ती भित्री ठरते, आणि ते साफ खोटं आहे. तिला शिकवणारं कोणी भेटलं नाही एवढंच. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात मोठी अडचण मला कुठली आली असेल तर डॉक्टर आणि ट्रेनिंग यांच्यामधली पोकळी. इतक्या वर्षांत मी बऱ्याच डोळ्यांच्या दवाखान्यांत गेले, सगळीकडे तपासण्या झाल्या, सगळीकडे सांगितलं की यावर सध्या उपाय नाही, दर वर्षी येऊन दाखवून जा. उपाय नाही हे खरंच होतं, मला त्याचा राग नाही. पण एकाही ठिकाणी कुणी असं म्हटलं नाही की बाई, नजर कमी होत जाणार आहे तर काठीनं चालायला, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरायला शिकून घ्या, अमुक ठिकाणी शिकवतात. एका चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या असत्या तरी चाललं असतं.

मला ते सांगितलं आमच्या ऑफिसातल्या टेलिफोन ऑपरेटर काकांनी. ते जन्मापासून दृष्टिहीन, रिटायरमेंटला आलेले. एक दिवस मला थांबवून म्हणाले, "ताई, तुमचा चालण्याचा आवाज बदललाय हल्ली. पाय घासत चालताय आणि भिंतीच्या बाजूनं चालताय. डोळ्याला काही होतंय का?" घरच्यांना जे कळलं नव्हतं ते त्यांनी चपलेच्या आवाजावरून ओळखलं होतं. मग त्यांनीच एका संस्थेचा फोन नंबर तोंडपाठ सांगितला आणि म्हणाले, थोडं दिसतंय तोवरच जा, नंतर शिकायला जड जातं.

पण आधी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, आधार, फोटो वगैरे अपलोड करायचं, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. तिथे पेरिमेट्री नावाची टेस्ट होते, एक डोळा झाकतात, समोरच्या मधल्या दिव्याकडे टक लावून बघायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बटण दाबायची वाट बघत बसलेली आणि मशीन आपलं टिक टिक करत पुढे चाललेलं, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण कळत होतं की ठिपके येतायत आणि मला दिसत नाहीयेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की दृष्टीचं क्षेत्र (नजर न हलवता जेवढं दिसतं तेवढं) १० अंशांपेक्षा कमी असेल तर ती व्यक्ती अंध धरली जाते, मग समोरची अक्षरं कितीही नीट वाचता येऊ देत. आरपीवाल्यांना हे माहितीच नसतं! तक्त्यावरच्या ओळी वाचता येतात म्हणून कित्येक जण सर्टिफिकेटसाठी जातच नाहीत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर आरक्षणापासून एसटीच्या सवलतीपर्यंत बऱ्याच गोष्टी लागू होतात, तेव्हा तपासून घ्या. त्या हॉस्पिटलात टोकन नंबर फक्त स्क्रीनवर यायचे, आवाज नाही, आणि डोळ्यांच्या विभागाबाहेर बसलेले आम्ही सगळे एकमेकांना विचारत होतो कितवा चालूय. शेवटी एका पेशंटबरोबर आलेल्या शाळकरी मुलानं मोठ्यानं नंबर वाचायला सुरुवात केली आणि सगळ्यांचं काम सोपं झालं.

काठीचं ट्रेनिंग. त्याला ओरिएंटेशन अँड मोबिलिटी म्हणतात, सगळे ओ अँड एम म्हणतात. शिकवणारे सर स्वतः दृष्टिहीन. पहिल्याच दिवशी त्यांनी काठीची उंची मापली, जमिनीवर टेकवली की छातीच्या हाडापर्यंत यायला पाहिजे, आणि मग माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. मला अजून थोडं दिसत होतं तर पट्टी कशाला असं मी विचारलं, तर म्हणाले, "थोडं दिसतंय म्हणूनच. डोळा मध्ये मध्ये लुडबुड करतो आणि मग काठी काय सांगतेय ते तुम्ही ऐकत नाही."

तंत्र ऐकायला सोपं आहे. हात पोटासमोर मधोमध, काठीचं टोक डावीकडे-उजवीकडे खांद्यांपेक्षा थोडं जास्त रुंद फिरवायचं, आणि डावं पाऊल टाकताना टोक उजवीकडे, उजवं टाकताना डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. हे अंगात मुरायला खूप वेळ लागला. मग पुढचं, पायरी आली की टोक खाली जातं ते मनगटाला कळलं पाहिजे, गटाराच्या जाळीचा आवाज वेगळा, सिमेंटचा वेगळा, पेव्हर ब्लॉकचा वेगळा. रस्ता ओलांडताना आपल्या बाजूनं समांतर जाणाऱ्या गाड्यांचा आवाज पकडायचा, त्या सुटल्या की आपण सुटायचं. काठीला कळत नाही ते कमरेच्या वरचं, उभ्या टेम्पोचा मागचा फाळका, टपरीचं पत्र्याचं छप्पर, झाडाची फांदी, तिथे दुसरा हात चेहऱ्यासमोर आडवा धरायचा. आणि इलेक्ट्रिक स्कूटर, ती आवाज न करता येते, तिची मला अजूनही भीती वाटते.

फूटपाथवर पिवळ्या उठावदार लाद्या दिसतात ना, त्या शोभेच्या नाहीत. लांब पट्ट्यांची लादी म्हणजे सरळ चला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. जपानमध्ये ओकायामा शहरात १९६७ साली सेइची मियाके यांनी केलेल्या या लाद्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आपल्याकडे लाद्या बसवतात आणि त्यांच्यावरच बाइक लावतात, किंवा लादी सरळ जाऊन विजेच्या खांबाला भिडते. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची बाइक तिथे उभी असेल तर कृपा करून काढा, एवढी एक गोष्ट केलीत तरी खूप झालं.

लोकलचं ट्रेनिंग वेगळं झालं. दिव्यांग डबा जिथे थांबतो तिथे प्लॅटफॉर्मवर बीप बीप वाजणारं यंत्र असतं, आधी मी लेडीजमध्ये जायचे तेव्हा तो आवाज इतकी वर्षं ऐकूनही तो कशासाठी आहे याचा विचार केला नव्हता. जिन्यानं उतरल्यावर कुठल्या हाताला किती चालायचं, पुलाखाली आलं की आवाज घुमतो, तो घुमायचा थांबला की आपण पुलाच्या बाहेर आलो, असं सगळं डोक्यात बसवलं. गाडीत "पुढील स्टेशन" सांगतात पण कधी कधी बंद असतं किंवा एक स्टेशन पुढेमागे चालतं, त्यामुळे स्टेशनं मोजायची सवय ठेवली. डब्यातल्या बाकीच्यांनी खरं तर निम्मं शिकवलं, एक बँकेत काम करणारी ताई, एक संगीत शिक्षक, एक मुलगा फिजिओथेरपी करणारा. कुठल्या स्टेशनवर कुठल्या बाजूला उतरायचं हे त्यांच्या तोंडपाठ होतं.

इथे मदत करणाऱ्यांसाठी एक सांगते. आम्हाला मागून ढकलू नका आणि काठी किंवा मनगट धरून ओढू नका, ते खरंच धोक्याचं आहे. आधी बोला, "मदत हवीय का?" आणि हो म्हटलं तर तुमचं कोपर पुढे करा, आम्ही कोपराच्या वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो, तुमचं अंग खाली गेलं की आम्हाला कळतं पायरी आली. आणि निघून जाताना सांगून जा.

घरी मात्र काठीवरून रडारड झाली. सासूबाई म्हणाल्या, "काठी घेऊन गल्लीतून नको जाऊस गं, लोक काय म्हणतील, आम्ही आहोत ना सोडायला." ह्यांनाही आतून तसंच वाटत होतं पण बोलले नाहीत. स्वयंपाकघरात तर मला पाऊलच टाकू द्यायच्या नाहीत, भाजशील म्हणून. प्रेमच होतं ते, पण त्या प्रेमात मी दिवसभर खुर्चीवर बसून राहायचे आणि मुलगी मला पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून द्यायची. मग संस्थेतल्या मॅडम, ज्या रोजच्या जगण्याची कौशल्यं शिकवतात, त्या घरी आल्या. त्यांना अजिबात दिसत नाही. त्यांनी आमच्या ओट्यापाशी उभं राहून सासूबाईंना विचारून विचारून पोहे केले आणि सगळ्यांना खायला दिले. त्यानंतर वाद झाला नाही.

पद्धती अशा आहेत. भांडं आधी बर्नरवर मधोमध ठेवायचं आणि मग गॅस पेटवायचा, पेटवून मग ठेवायचं नाही. फोडणीला मोहरी तडतडायची थांबली की हिंग-हळद, तेल पळीनं मोजायचं, ओतायचं नाही. दुधाच्या पातेल्यात तळाशी लहान स्टीलची ताटली टाकायची, उकळी येत आली की ती खडखडते. कपात चहा ओतताना बोटाचं पेर कडेवर ठेवतात, पण आता भरल्यावर वाजणारं छोटं यंत्रही मिळतं. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची जागा ठरलेली, बाकी डब्यांना रबरबँड, तूरडाळीला एक, मुगाला दोन. ही रबरबँडची व्यवस्था सासूबाईंनी स्वतःच्या मनानं केली, मला न सांगता, आणि घरात सगळ्यांना दम दिला की वापरलेली वस्तू होती तिथेच परत ठेवायची. चपात्या माझ्या अजून सगळ्या सारख्या होत नाहीत पण आमटी-भात-भाजी पूर्ण माझी असते.

फोनवरचा स्क्रीन रीडर म्हणजे टॉकबॅक, तो अँड्रॉइडमध्येच असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. चालू केलं की बोट फिरवाल ते बोलतं, दोनदा टॅप केलं की उघडतं, सरकवायला दोन बोटं लागतात. पहिले काही दिवस फोन भिंतीवर मारावासा वाटतो, तिथे सोडू नका. माझ्या फोनचा वेग आता एवढा असतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही.

पैशांचं थोडं कठीण आहे. नोटबंदीनंतरच्या नोटांमध्ये १००, २०० आणि ५०० तिन्हींची रुंदी ६६ मिलिमीटर आणि लांबी १४२, १४६, १५०, म्हणजे फक्त चार-चार मिलिमीटरचा फरक. १०० वर उठावाचा त्रिकोण, ५०० वर गोल असतो पण वापरलेल्या नोटेवर तो हाताला लागत नाही. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं अॅप आहे, २०२० मध्ये आलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं आणि इंटरनेट लागत नाही. मी घरूनच ५००च्या नोटा सरळ, २००च्या एक घडी आणि १००च्या दोन घड्या घालून निघते. भाजीवाल्या मावशींकडे यूपीआय करते, क्यूआर पकडायला जमत नाही म्हणून त्यांचा नंबर सेव्ह करून ठेवलाय, आणि त्यांच्या साउंडबॉक्समधून रक्कम ऐकू आली की दोघींचीही खात्री होते.

आता नोकरी. नजर गेली हे ऑफिसात कळल्यावर एका वरिष्ठांनी अगदी काळजीनं बोलावून सांगितलं की स्वेच्छानिवृत्ती घ्या, कशाला हाल करून घेता. मी घरी येऊन कायदा ऐकला, हो ऐकलाच, स्क्रीन रीडरवर. २०१६च्या कायद्याचं कलम २०, पोटकलम ४. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि पदही कमी करता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचं. मी ते कलम लिहून अर्ज दिला, भांडले नाही. टेबल बदललं, पगार तोच राहिला. हे कलम छापून पाकिटात ठेवा, कारण स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून बसलेले लोक मला भेटलेत आणि ते ऐकताना फार वाईट वाटतं.

कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरते. तो फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या माणसानं २००६ मध्ये सुरू केला, कारण त्या काळातले स्क्रीन रीडर भयंकर महाग असायचे. माउस नाही, सगळं कीबोर्डवर, वेबपेजवर एच दाबलं की पुढचं शीर्षक, इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की वाचत सुटतो. मराठीही वाचतो, पण फक्त युनिकोड. आणि इथेच आमच्या सरकारी कामाचं घोडं अडतं. जुनी पत्रं सगळी जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली, स्क्रीनवर तुम्हाला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, एनव्हीडीए ती अक्षरं जशीच्या तशी वाचतो आणि काही म्हणजे काही कळत नाही. दुसरं म्हणजे परिपत्रक कॉम्प्युटरवर टाइप करायचं, प्रिंट काढायची, सही करायची आणि तो कागद तिरका स्कॅन करून पाठवायचा. माझ्यासाठी तो कोरा कागद. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लावून बघते, पण शिक्क्याखाली आलेली ओळ गेलीच म्हणून समजा. मी सगळ्या टेबलांना सांगून ठेवलं, सहीची प्रत पाठवा पण सोबत मूळ युनिकोड फाइलही जोडा. बहुतेक जण आता जोडतात. आणि गंमत बघा, त्यांनाही त्यात शोधता येतं, कॉपी करता येतं, त्यामुळे ज्यांना काही दिव्यांगत्व नाही तेही आता ती फाइल मागतात.

कॅप्चा मात्र अजून छळतो. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा, आवाजाचा पर्याय नाही, मग शेजारच्या टेबलावरून कुणाला तरी बोलवा. बँकांच्या व्हिडिओ केवायसीत चेहरा चौकटीत आणा म्हणतात, चौकट कुठे आहे ते सांगत नाहीत. २०२५च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच विषयावर निकाल दिला, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि केवायसी सगळ्यांना करता येईल अशी हवी. निकाल हातात आहे, अंमलबजावणी आपल्याला मागून मागून करून घ्यावी लागणार.

आमच्याच लाइनीवरच्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील, पूर्ण दृष्टिहीन, आयएएस झाल्या. त्याआधी रेल्वेच्या लेखा सेवेसाठी त्यांना दिसत नाही म्हणून नाकारलं गेलं होतं. लोक मला त्यांचं उदाहरण देतात आणि मला अभिमान वाटतोच, पण मी प्रत्येकाला सांगते की त्यांना स्क्रीन रीडर होता, पुस्तकं वाचता येतील अशा रूपात मिळवावी लागली, शाळेत ब्रेल शिकवणारे शिक्षक होते. ते मिळालं तर अजून किती जणी निघतील.

वाचनाचं म्हणाल तर सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ पासून, आमच्यासाठी. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला त्यामुळे आमच्यासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा भारत जगात पहिला देश होता, २०१४ साली. ब्रेल मी आत्ता शिकतेय. सहा ठिपके, मराठी भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये लिहितात. मोठेपणी शिकताना बोटांना ठिपके वेगळे कळायलाच वेळ लागतो, सध्या मी डब्यांवर चिकटवायची लेबलं करण्यापर्यंत आलेय, मीठ आणि साखर यांचे रबरबँड काढून टाकलेत.

ज्यांना नुकतंच आरपी किंवा काचबिंदूनं नजर जातेय असं कळलंय त्यांच्यासाठी माझ्या मते क्रम असा ठेवा. पेरिमेट्री आणि सर्टिफिकेट लगेच. टॉकबॅक त्याच आठवड्यात, रोज अर्धा तास, डोळे मिटून. काठी थोडं दिसतंय तोवरच, आणि ट्रेनरकडूनच शिका, यूट्यूब बघून नाही, मनगटाचा कोन चुकला की खांदा दुखतो. नॅब ही दृष्टिहीनांसाठी काम करणारी संस्था १९५२ पासून आहे, मुंबईत मुख्य कार्यालय आणि बऱ्याच जिल्ह्यांत शाखा आहेत, तिथे फोन करून ओ अँड एम कुठे शिकवतात एवढाच प्रश्न विचारा. घरच्या एका माणसाला एक दिवस बरोबर न्या. यूडीआयडी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवा, कारण ती प्रत्येक ठिकाणी मागतात.